मित्सुको आवडायला हवं असेल तर नाक कसं तयार करावं?

उगाचच

गेर्लँचं मित्सुको (जॅक गेर्लँ, १९१९) म्हणजे शिप्र घराण्यातलं (बर्गमोट, लॅब्डॅनम आणि ओकमॉस यांवर उभी असलेली परफ्यूमांची जात) मानाचं पान, असं परफ्यूमवर लिहिणारे बहुतेक जण म्हणतात. आणि पहिल्यांदा हुंगणारा बहुतेक वेळा नाक मुरडतो. सुरुवातीला बर्गमोटचा (लिंबाच्या जातीचं फळ) कडसर फटकारा, मागोमाग ओलसर, मातकट, शाईकडे झुकणारा वास, आणि त्यातच कुठेतरी जास्त पिकलेलं पीच. तिघांचं आपापसात जमत नाही असंच वाटतं. तीन-चार तासांनी मनगटावर जे उरतं ते मात्र अप्रतिम असतं: कोरडं, मऊ, किंचित गोडसर.

म्हणजे शेवट आवडतो, सुरुवात आवडत नाही. मग उलट्या दिशेने कसं जायचं? "लावत राहा, आपोआप आवडेल" हे उत्तर पुरेसं वाटत नाही. सवयीने माणूस ताज्या ऑइलपेंटचा वासही चालवून घेतो. कान तयार करतात तसं नाक तयार करायचं असेल तर नेमकं काय हुंगायचं, कशावर, किती, कुठल्या क्रमाने? ईडीटी (ओ द त्वालेत), ईडीपी (ओ द पर्फम) आणि एक्स्ट्रे (सगळ्यात दाट) यांतलं आधी कोणतं? जुन्या बाटलीच्या मागे लागण्यात अर्थ आहे का?

"मला तर पहिल्यापासूनच आवडलं" छापाचे प्रतिसाद कृपया नकोत. पद्धत सांगा.

सोनकी

वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे). तज्ज्ञांच्या प्रतीक्षेत.

नाकतोडा

पहिली गफलत मात्रेत होते. चार फवारे मारायचे आणि मनगटाला नाक चिकटवायचं. असं केलं की मित्सुकोच काय, काहीच कळणार नाही.

आधी कागदाची पट्टी, त्वचा नंतर. कागद जाडसर, शोषणारा, चकचकीत नसलेला आणि बिनवासाचा. लांबी १५ सेंमी, रुंदी अर्धा-पाऊण सेंमी. टोक फक्त १ सेंमी बुडवायचं. स्प्रे असेल तर जवळून एकच फवारा, तोही टोकावरच. दुसऱ्या टोकाला पेन्सिलीने नाव आणि वेळ लिहा, कारण पेनाच्या शाईला स्वतःचा वास असतो. अल्कोहोल उडून जायला अर्धा मिनिट द्या. मग पट्टी नाकापासून दोन बोटं लांब धरून दोन-तीन छोटे हुंगे घ्या. एक लांबलचक श्वास घेतला तर नाक लगेच थकतं. पट्टी नाकाला टेकली तर पुढचा बराच वेळ तोच वास येत राहतो आणि बाकीच्या पट्ट्या फुकट जातात. हुंगून झालं की मधे घडी घालून ओलं टोक वर राहील अशी ठेवा, म्हणजे टेबलाला लागत नाही.

वेळा: १ मिनिट, १० मिनिटं, अर्धा तास, २ तास, ६ तास आणि दुसऱ्या दिवशी सकाळी. दर वेळी दोनच शब्द लिहायचे. "छान" आणि "घाण" हे शब्द बाद. "खारट", "ओलं", "पावडरी", "तुपकट", "टोचरं" असलं काहीही चालेल.

आता उगाचच यांच्या मूळ प्रश्नाकडे. उलट्या दिशेने खरोखरच जाता येतं. एक पट्टी आदल्या रात्री बुडवा, एक सकाळी, एक हुंगायच्या तासभर आधी आणि एक तिथल्या तिथे. हुंगायचा क्रम रात्रीच्या पट्टीकडून ताज्या पट्टीकडे. रात्रीच्या पट्टीवर मॉस (म्हणजे ओकमॉस), लॅब्डॅनम (एक राळ), वाळा आणि ते पीच एवढंच शिल्लक असतं. ते डोक्यात पक्कं झालं की ताज्या पट्टीत बर्गमोटच्या खाली नाक त्यालाच शोधतं, आणि सुरुवातीचा कडूपणा सुटा वाटत नाही. ताज्या पट्टीपासून सुरुवात केली तर अल्कोहोल आणि लिंबूवर्गीय झटका एवढंच लक्षात राहतं.

खवचट

थोडक्यात, नाकाने कांदे सोलण्याचा पदविका अभ्यासक्रम. प्रवेश अर्ज कुठे मिळेल?

नाकतोडा

अर्ज नको, फी नाही. पट्ट्या ज्याच्या त्याने कापून आणाव्यात.

रेणू

नाकतोडांची उलट्या क्रमाची युक्ती उत्तम. ती का लागू पडते ते थोडं सांगते.

ते पीच म्हणजे गॅमा-अनडेकालॅक्टोन. धंद्यातलं नाव "अल्डिहाइड सी-१४". तो अल्डिहाइड नाही, लॅक्टोन आहे. आणि त्यात कार्बन चौदा नाहीत, अकरा आहेत. हा पदार्थ फारच थोड्या मात्रेत जाणवतो आणि पट्टीवर चिवटपणे टिकतो, म्हणून दुसऱ्या दिवशीही हजर असतो.

अडचण अशी की फळाचा वास आला की मागून साखर येणार, ही नाकाची अपेक्षा अलीकडच्या परफ्यूमांनी पक्की करून ठेवली आहे. म्युग्लरच्या एंजलनंतर (१९९२) एथिल माल्टॉल, म्हणजे साखरेच्या पाकाचा, किंचित करपलेला गोड वास, फळांच्या जोडीला सर्रास येऊ लागला. मित्सुकोत फळ आहे, पण पाक नाही. लॅक्टोनची स्निग्ध बाजू थेट ओकमॉसच्या खारट, शाईसारख्या बाजूवर आणून ठेवली आहे. साखरेची वाट बघणाऱ्या नाकाला ते "नासलेलं फळ" वाटतं.

यावर उपाय म्हणजे दोन्ही वेगवेगळे ओळखायचे आणि मग एकत्र आणायचे. सी-१४ चं १ टक्का द्रावण, ओकमॉस अ‍ॅब्सोल्यूटचं (दाट अर्काचं) १० टक्के द्रावण. दोघांची एकेक पट्टी. आधी वेगवेगळी हुंगा. मग दोन्ही पंख्यासारख्या एका हातात धरा आणि नाकाखालून हळू फिरवा. मॉसची पट्टी जवळ आणि पीचची थोडी मागे, मग उलट. एका ठरावीक अंतरावर मॉसची धार बोथट होते आणि पीचचा चिकटपणाही जातो. तिथे जो तिसराच, साबर-चामड्यासारखा मऊ वास येतो तोच मित्सुकोचा गाभा. तो एकदा सापडला की बाटलीतही सापडतो.

सोनकी

रेणूताई, ओकमॉस म्हणजे शेवाळ ना? आणि द्रावण घरी करायचं तर कसं?

रेणू

शेवाळ नाही, दगडफुलाच्या जातीतलं आहे. बुरशी आणि शैवाल यांचं सहजीवन. शास्त्रीय नाव एव्हर्निया प्रुनास्ट्री, ओकच्या झाडांवर वाढतं. पाइन वृक्षांवरचं ट्रीमॉस (स्यूडेव्हर्निया फरफ्युरेशिया) निराळं. त्याचा वास जास्त राळेचा आणि रांगडा असतो.

द्रावण वजनाने करायचं, थेंबांनी नाही. थेंबाचं माप ड्रॉपरगणिक बदलतं. ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा पुरतो. १० टक्क्यांसाठी १ ग्रॅम पदार्थ आणि ९ ग्रॅम बिनवासाचं ९५-९६ टक्के इथेनॉल. ओकमॉस आणि लॅब्डॅनम काकवीसारखे घट्ट असतात, म्हणून बंद बाटली ४०-४५ अंशांच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून मगच वजन करा. जास्त तापवू नका. ओकमॉसच्या द्रावणात तळाशी गाळ बसतो. एक दिवस स्थिर ठेवून फिल्टर कागदातून गाळून घ्या.

शिप्रचा सांगाडा बघायचा असेल तर हे मिसळून बघा. सी-१४ सोडून सगळी द्रावणं १० टक्क्यांची:

बर्गमोट ५.० ग्रॅम, हेडिओन (चमेलीच्या वळणाचा पदार्थ) २.०, ओकमॉस १.०, लॅब्डॅनम ०.८, पाच (पॅचुली) ०.७, आणि सी-१४ चं १ टक्का द्रावण ०.५ ग्रॅम. एकूण १० ग्रॅम.

शेवटचा अर्धा ग्रॅम घालण्याआधी एक पट्टी बुडवा, घातल्यावर दुसरी. दोन्हींतला फरक म्हणजे फ्रांस्वा कोटी या परफ्यूमकाराच्या १९१७ च्या "शिप्र"पासून १९१९ च्या मित्सुकोपर्यंत टाकलेलं पाऊल, अगदी ढोबळमानाने. मिश्रण दोन आठवडे अंधारात राहू दिलं तर कडा आणखी मिटतात.

थेंबेथेंब

रेणूताई, मिश्रण झकास आहे, पण ठळक अक्षरात लिहायला हवं होतं: फक्त पट्टीवर, अंगावर नाही. १० ग्रॅममध्ये शुद्ध ओकमॉस ०.१ ग्रॅम, म्हणजे १ टक्का. इफ्राची (परफ्यूम उद्योगाची आंतरराष्ट्रीय संघटना) मर्यादा तयार मालात ०.१ टक्का, तीही ट्रीमॉस धरून. दहापट झालं. बर्गमोट ०.५ ग्रॅम, म्हणजे ५ टक्के. साधं, बर्गाप्टेन न काढलेलं तेल असेल तर अंगावर राहणाऱ्या मालात मर्यादा ०.४ टक्के. तिथे बारापटीहून जास्त झालं. बर्गाप्टेन त्वचेवर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखे डाग पडतात आणि ते बरेच महिने जात नाहीत. "एफसीएफ" लिहिलेलं, बर्गाप्टेन काढलेलं बर्गमोट घेतलंत तर हा एक धोका टळतो. मॉसचा राहतोच.

रेणू

मान्य. वर लिहायला हवं होतं. फक्त पट्टीवर.

शांतपणे

थोडी असहमती. कच्चा माल हुंगून परफ्यूम कळतं हा रसायनवाल्यांचा लाडका समज आहे. सुटे स्वर ओळखता आले म्हणून राग कळतो असं नाही. (हे संगीत उगाचच यांनीच धाग्यात आणलंय, दोष त्यांचा.) दहा द्रावणं करण्याचा खटाटोप ज्याला नको त्याने तयार परफ्यूमांचीच शिडी लावावी. माझ्या मते क्रम असा:

आधी दिओरचं ओ सोवाज (१९६६, एदमों रुदनित्स्का). लिंबूवर्गीय झटका इथेही आहे, पण खाली हेडिओनची हवेशीर चमेली आणि पातळ मॉस. कडूपणा म्हणजे ताजेपणा, हे नाक इथे शिकतं. मग दिओरेला (१९७२, रुदनित्स्काच). तोच सांगाडा, वर पिकलेलं फळ. फळ असूनही गोड नसलेला वास इथे बराच सोपा करून दिला आहे. तिसरी पायरी रोशासचं फाम (१९४४, पुन्हा रुदनित्स्का). प्लम, मसाले, मॉस, सगळं दाट. आणि मग मित्सुको. एकाच माणसाच्या तीन कामांतून गेलं की चौथ्याची, म्हणजे जॅक गेर्लँची, भाषा परकी राहत नाही.

एका पायरीवर किती थांबायचं? अर्ध्या तासानंतरची पट्टी नाव न बघता ओळखता येईपर्यंत.

नाकतोडा

शिडी पटली, फामची पायरी जपून. १९८९ मध्ये ऑलिव्हिए क्रेस्पने ते नव्याने बांधलं आणि त्यात जिऱ्याची घामट छटा पुढे आली. आज बाटली उघडली की तीच आधी भेटते. नवख्याला मित्सुकोपेक्षा तेच जड जाईल. त्या जागी ऐंशीच्या दशकाआधीचं फाम मिळालं तर ठीक, नाहीतर दिओरेलावरून थेट उडी मारा.

खवचट

"थेट उडी" म्हणजे शिडीचं काम संपलं म्हणायचं.

अतिशहाणा

दोन मूलभूत गोष्टी कुणीच सांगितल्या नाहीत. मनगटं एकमेकांवर घासू नका, त्याने सुगंधाचे रेणू तुटतात. आणि दोन परफ्यूमांच्या मधे कॉफीच्या बिया हुंगा, नाक कोरं होतं.

रेणू

रेणू तुटत नाहीत (आयडीवरून वैयक्तिक घेतलेलं नाही). घासण्याने तेवढी ऊर्जा मिळतच नाही. घर्षणाने त्वचा थोडी गरम होते, थर पसरून पातळ होतो आणि हलके पदार्थ लवकर उडतात. म्हणजे घासू नये हे बरोबर, कारण चूक. मित्सुकोच्या बाबतीत बर्गमोट आधीच घाईत असतं, त्याला आणखी पळवू नका.

कॉफीचा उपयोग साध्या हवेपेक्षा जास्त होत नाही. तीही एक तीव्र वासाची गोष्टच आहे, नाकाला तेवढंच जास्तीचं काम. स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूची, काही न लावलेली त्वचा हुंगा किंवा पाच-दहा मिनिटं मोकळ्या हवेत जा. एका बैठकीत पाच-सहा पट्ट्या पुरेत. त्यापुढे जे लिहाल ते नाकाचं नसून कल्पनाशक्तीचं.

अतिशहाणा

दुकानांत तर सगळीकडे कॉफी ठेवलेली असते.

थेंबेथेंब

दुकानाला विकायचं असतं, तुमचं नाक कोरं करायचं नसतं.

पानगळ

एक वेगळी अडचण. मित्सुको, शालिमार वगैरे लावल्यावर अर्ध्या-पाऊण तासात "काहीच येत नाही" अशी तक्रार बरेच जण करतात, आणि शेजारच्याला मात्र घमघमाट. हा दोष परफ्यूमचा की नाकाचा?

रेणू

दोन शक्यता आहेत आणि त्यांची गल्लत होते.

पहिली, नाक सरावणं. सतत एकच वास आला की मेंदू त्याची नोंद घेणं थांबवतो. हे सगळ्यांना होतं आणि तात्पुरतं असतं. तपासायचं कसं: पंधरा मिनिटं दुसऱ्या खोलीत किंवा बाहेर जा, परत येऊन हुंगा. वास आला तर सरावणंच होतं. मानेला, छातीला लावलं की हे लवकर होतं कारण वास सतत नाकाखाली राहतो. अभ्यासासाठी लावताना कोपराच्या आत किंवा मनगटाच्या मागच्या बाजूला लावा.

दुसरी, ठरावीक पदार्थांपुरतं वासांधळेपण. बाकी सगळं नाक ठीक, पण एखादा रेणूच जाणवत नाही. गॅलॅक्सोलाइडसारखे मोठ्या रेणूंचे मस्क (कस्तुरीच्या वळणाचे पदार्थ) अनेकांना येत नाहीत. बीटा-आयोनोन (व्हायोलेटचा वास) कुणाला फुलाचा येतो, कुणाला आंबट किंवा जवळजवळ नाहीच, आणि हा फरक मुख्यतः ओआर५ए१ या एका जनुकातून येतो. तपासणी सोपी: तोच एक पदार्थ १० टक्के द्रावणात पट्टीवर, शेजारी नुसत्या अल्कोहोलची पट्टी, आणि कुणीतरी दुसऱ्याने अदलाबदल करून द्यायच्या. फरक सांगता आला नाही तर तो पदार्थ तुमच्यासाठी नाही.

काही वासांधळेपण सरावाने कमी होतं. अँड्रोस्टेनोनचा (घामात सापडणारा एक पदार्थ) वास सुरुवातीला न येणाऱ्या काही लोकांना तो वारंवार हुंगल्यावर यायला लागतो, हे प्रयोगांत दिसलं आहे. म्हणजे "लावत राहा" या सल्ल्यात अगदीच तथ्य नाही असं नाही.

उगाचच

फारच उपयोगी चर्चा. म्हणजे एकाच बाटलीतून दोन माणसं दोन वेगळी परफ्यूम हुंगत असू शकतात, आणि दोघंही खरं बोलत असतात.

जुन्या बाटलीचा प्रश्न मात्र राहिला.

जुनाबाजार

हा आमचा प्रांत.

आधी कारण. ओकमॉसमधले अट्रॅनॉल आणि क्लोरोअट्रॅनॉल हे दोन घटक त्वचेला जबर अ‍ॅलर्जी आणू शकतात. युरोपीय संघाने २०१७ च्या नियमाने त्यांवर बंदी घातली. २३ ऑगस्ट २०१९ नंतर ते असलेला नवा माल बाजारात आणता येत नाही, २३ ऑगस्ट २०२१ नंतर दुकानात आधीपासून पडलेलाही विकता येत नाही. त्यामुळे आजचा शिप्र म्हणजे अट्रॅनॉल काढलेला मॉस, किंवा एव्हर्निल, किंवा दोन्ही. एव्हर्निल हा मॉसमध्येच सापडणारा एक घटक, पण एकटा घेतला तर कोरडा, पावडरी, सभ्य. मॉसचा ओला, खारट, डांबरी काळोख त्यात नाही. ही पोकळी पॅचुली, वाळा, सेलेरीसारख्या तिखट वनस्पती यांनी भरून काढायचा प्रयत्न होतो. कधी जमतो, कधी नुसती रफू दिसते.

तर जुनी बाटली ऐकायला, म्हणजे हुंगायला, नक्की मोलाची. शिकायला मात्र धोक्याची, कारण जुन्या बाटलीत वरचा थर हमखास खराब झालेला असतो. लिंबूवर्गीय तेलांचं हवेने ऑक्सिडीकरण होतं. पहिली पाच-दहा मिनिटं नेलपॉलिश रिमूव्हर किंवा वार्निशसारखी जातात. नवखा माणूस म्हणतो, अरेच्चा, हेच का ते महान मित्सुको! बर्गमोट मेलेलं असतं, त्याचा दोष जॅक गेर्लँच्या माथी.

बाटली तपासायची ती अर्ध्या तासानंतर. आंबटपणा तोवर गेला आणि खाली मऊ मॉस उभा राहिला तर माल चांगला. अर्ध्या तासानंतरही आंबट, कुबट येत असेल तर गाभाच गेला. रंग नारिंगी-तपकिरी झाला म्हणून घाबरू नका, तो व्हॅनिलिन आणि फुलांमधल्या इंडोलमुळेही गडद होतो. पातळी बघा. बाटली खांद्याच्या खाली रिकामी असेल तर आत हवा जास्त, म्हणजे नासाडीही जास्त. उघड्या शेल्फवर उजेडात ठेवलेली बाटली कितीही भरलेली असली तरी सोडून द्या.

आणि थेंबेथेंब यांनी सांगितलेला बर्गाप्टेनचा मुद्दा जुन्या मालाला दुप्पट लागू. खूप जुन्या बाटल्यांत मस्क अँब्रेटही असू शकतो, तोही उन्हात त्वचेला अ‍ॅलर्जी आणू शकतो. कपड्यावर लावा, पट्टीवर लावा. मानेला लावून उन्हात जाऊ नका.

पानगळ

मित्सुको आणि लर ब्लू (१९१२) यांची बाटली सारखीच असते ना? लेबल झिजलेलं असेल तर ओळखायचं कसं?

जुनाबाजार

हो, उलट्या हृदयाच्या बुचाची तीच बाटली. वासाने ओळखायची: लर ब्लूत बडीशेपेच्या वळणाचा, बदाम-पावडरी गोडवा पहिल्या मिनिटापासून येतो आणि मॉस नाही. तिथे चूक होणं अवघड.

जाता जाता एक: काचेचं बूच थेट मनगटाला लावून परत बाटलीत घालू नका. त्वचेचं तेल आत जातं, परफ्यूम गढूळ होतं आणि काही काळाने खवट वास येतो. काचेची कांडी किंवा पिपेट वापरा, आणि ती पुसा.

खवचट

नाकापेक्षा मोती जड ही म्हण नक्की जुन्या परफ्यूमवाल्यांनीच काढली असणार. बाटली घ्यायची, पहिली दहा मिनिटं वार्निश हुंगायचं, उन्हात जायचं नाही, आणि याला म्हणायचं छंद.

सोनकी

=)) +१

मीठभाकर

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

शांतपणे

कोटीचं मूळ शिप्र, जुनी फॉर्म्युलेशन्स वगैरे नीट हुंगायची असतील तर व्हर्सायला ऑस्मोतेक हे परफ्यूमांचं संग्रहालय आहे, १९९० पासून. बंद झालेली परफ्यूम मूळ कृतीप्रमाणे करून १२ अंश तापमानात, वर आर्गॉन वायू भरून ठेवतात. घरच्या कपाटात आर्गॉन नसतो, पण तत्त्व तेच: थंड, अंधार, हवा कमी. बाथरूम सगळ्यात वाईट जागा. तिथे तापमान रोज वर-खाली होतं. अर्धी संपलेली बाटली असेल तर उरलेला माल छोट्या काचेच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरून ठेवा. मूळ खोका फेकू नका, उजेडापासून सगळ्यात स्वस्त संरक्षण तेच.

उगाचच

ईडीटी-ईडीपी-एक्स्ट्रेचं कुणी सांगेल का? तीव्रता तीच, पाणी कमी-जास्त, इतकंच का?

नाकतोडा

पाणी नाही, अल्कोहोल. आणि इतकंच नाही. ढोबळ आकडे असे: एक्स्ट्रेमध्ये सुगंधी माल २०-३० टक्के, ईडीपीत १५-२०, ईडीटीत साधारण ५-१५. यावर कायद्याचं बंधन नाही, कंपनीगणिक बदलतं. पण जुन्या घराण्यांत प्रत्येक तीव्रतेची रचनाही वेगळी असते. शनेल नं. ५ घ्या: मूळ एर्नेस्ट बोचं, १९२१ चं. आज मिळणारं ईडीपी झाक पोल्झने १९८६ मध्ये केलं. तो निराळाच तोल आहे, नुसतं दाट केलेलं ईडीटी नव्हे.

शिप्रमध्ये साधारणतः ईडीटीत बर्गमोट आणि फुलं पुढे, एक्स्ट्रेमध्ये मॉस आणि पीच पुढे आणि वास अंगाजवळ. ज्याला सुरुवात खुपते आणि शेवट आवडतो, त्याने एक्स्ट्रेपासून सुरुवात करावी. लोक उलट करतात: "हलकं म्हणून आधी ईडीटी". ईडीटीत नेमकं तेच जास्त आहे जे खुपतं आहे! एक्स्ट्रेचा काडीच्या टोकाएवढा एक थेंब कोपराच्या आत. त्वचा कोरडी असेल तर आधी बिनवासाच्या व्हॅसलिनचं अगदी पातळ बोट, म्हणजे वरचा थर सावकाश उडतो.

थेंबेथेंब

+१. एक्स्ट्रे न मिळाल्यास ईडीपी सुती रुमालावर. कापडाला त्वचेची ऊब नाही, त्यामुळे उलगडायला जास्त वेळ लागतो आणि बर्गमोटपासून मॉसपर्यंतचा सांधा निवांत बघता येतो. रेशमी किंवा पांढऱ्या कपड्यावर नको, मॉस आणि लॅब्डॅनमचे पिवळट डाग जात नाहीत.

अतिशहाणा

एवढं करूनही आवडलं नाही तर?

शांतपणे

तर आवडलं नाही. परफ्यूम आहे, परीक्षा नाही. एखाद्याला मॉसची शाईसारखी बाजूच फार तीव्र येत असेल तर त्याने कातड्याच्या वळणाच्या शिप्रकडे जाऊ नये, उदा. जेर्मेन सेलिएचं बांदी (१९४४). तिथे आयसोब्युटिल क्विनोलिनचा कडू, हिरवट चामड्याचा वास आहे. तो माणूस नुसत्या पीचच्या किंवा फुलांच्या बाजूने रमेल. नाक तयार असणं आणि अमुक एक आवडणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

उगाचच

हेच मूळ प्रश्नात विचारायचं होतं. सवय झाली की समज आली, हे तपासता येतं का?

रेणू

येतं. त्रिकोणी चाचणी करा. तीन पट्ट्या: दोन एकाच नमुन्याच्या, एक वेगळ्याची. उदा. दोन मित्सुको ईडीपी आणि एक ईडीटी. कोणती वेगळी ते सांगायचं. अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता तीनात एक, म्हणून एकदा जमलं तर काही सिद्ध होत नाही. निदान सहा फेऱ्या करा, पाच बरोबर आल्या तर नाक खरंच काम करतंय. नुसती सवय झालेल्याला तिन्ही "मित्सुको" वाटतात आणि तिन्ही आवडतात.

नाकतोडा

त्यात तीन ठिकाणी घोळ होतो. पट्ट्या एकाच वेळी बुडवा, नाहीतर वेळेतला फरक ओळखून मोकळे व्हाल. खूण पट्टीच्या मागे, आणि ती करणारा माणूस हुंगणारा नसावा. आणि रंग: ईडीपी पट्टीवर जास्त पिवळं दिसतं. डोळे मिटून हुंगा किंवा अल्कोहोल उडाल्यावर टोकं कागदी नळीत घाला. पहिल्या फेरीला तीव्रतेवरूनच उत्तर सापडतं, म्हणून ईडीपीत त्याच्या अर्ध्याहून थोडं कमी अल्कोहोल घालून ते ईडीटीच्या जवळ आणा. मग जो फरक उरतो तो रचनेचा.

सोनकी

ते पातळ करायचं प्रमाण वजनाने की मापाने?

थेंबेथेंब

वजनाने. ईडीपी ७ ग्रॅम, अल्कोहोल ३ ग्रॅमपासून सुरू करा. एक रात्र राहू द्या आणि मगच पट्ट्या बुडवा.